एका दिवसाचा वनविहार

रानांतल्या सहलीस जावयाचें ठरलें कीं घरांतील मुलें पहिला प्रश्न विचारतात, "वाघ दिसेल का?" वडील माणसें हा प्रश्न तोंडानें विचारीत नाहींत, पण त्यांच्याहि मनांत तोच असतो. मुंबईच्या उत्तरेस बोरिवली येथें जें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तेथें एका दिवसाची सहल कशी आखावी याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. तेव्हां आरंभींच या प्रश्नाचें उत्तर देऊन टाकणें बरें. वाघ पाहावयाचा तर तो कुंपणाच्या आंत असेल, आणि आपण जाळी लावलेल्या मोटारींत बसलेले असूं. कुंपणाबाहेरच्या मोकळ्या रानाचा धनी बिबळ्या आहे, आणि तो दिवसाउजेडीं दृष्टीस पडण्याचा संभव फार थोडा. मग एवढा खटाटोप करून जावयाचें तरी कशासाठीं, असें आपण म्हणाल. हा प्रश्न योग्य आहे. ज्यानें घरून निघण्यापूर्वीं त्याचें उत्तर ठरविलें, त्याची सहल निम्मी पार पडली असें खुशाल समजावें.

प्रथम जागेची ओळख करून घेऊं. या उद्यानाचें क्षेत्रफळ सुमारें १०४ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेस बोरिवली, कांदिवली, मालाड. पूर्वेस मुलुंड व ठाणें. उत्तरेस घोडबंदरचा रस्ता. अशी चोहोंकडून माणसांची दाटी, आणि मधें हे डोंगर. इतक्या मोठ्या शहराच्या कुशींत हें रान टिकलें कसें? त्याचें एक मोठें कारण पाणी. विहार तलाव १८६० सालीं व तुळशी तलाव १८७९ सालीं पुरा झाला. हे दोन्ही तलाव मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठीं बांधले, आणि आजहि त्यांचें पाणी मुंबईस जातें. तलावांत स्वच्छ पाणी उतरावयाचें तर भोंवतालच्या उतारांवर वस्ती नको, गुरें नकोत, नांगर नको. म्हणून पाणलोटाची जमीन राखली गेली. शहरास तहान होती म्हणून झाडें उभीं राहिलीं, आणि झाडें उभीं राहिलीं म्हणून हरणें, पांखरें व बिबळे यांस आसरा मिळाला.

आतां एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची. या एका नांवाखालीं दोन निरनिराळीं स्थळें आहेत. फाटकांतून आंत शिरतांच जो भाग लागतो तो करमणुकीचा. तेथें बाग आहे, नौकाविहाराचें तळें आहे, गांधी टेकडी आहे, आणि कुंपणांतील वाघ-सिंह दाखविणाऱ्या मोटारी तेथूनच निघतात. रविवारीं या भागांत जत्रेसारखी गर्दी लोटते. त्याच्या पलीकडे, कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा सहासात किलोमीटरांचा रस्ता ज्यांतून जातो, तें खरें रान. पहिला भाग वाईट व दुसरा चांगला, असें मी म्हणत नाहीं. लहान मुलास नौकेंत बसण्याचा आनंद हवाच. पण दोन्ही भाग एका दिवसांत यथास्थित पाहूं, असें जो मनांत धरतो, त्याच्या पदरीं बहुधा धांवपळच पडते.

हा धडा मला पुस्तकांतून मिळाला नाहीं. १९८८ सालच्या डिसेंबरांत सातवीच्या ४२ मुलांना घेऊन आम्ही दोन शिक्षक या उद्यानांत गेलों होतों. आखणी माझी होती, आणि खरें सांगावयाचें तर तिचा मला अभिमान होता. एका कागदावर मीं सात गोष्टी मांडल्या होत्या: बाग, मुलांची छोटी आगगाडी, नौका, सिंहांचें दर्शन, गांधी टेकडी, कान्हेरीचीं लेणीं, आणि परततांना पुन्हां बागेंत खेळ. प्रत्येक गोष्टीपुढें वेळ लिहिली होती. पण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्यास लागणारा वेळ, तिकिटाच्या रांगेंत उभें राहण्याचा वेळ, ४२ मुलांनीं पाणी पिण्याचा वेळ, हे मात्र लिहावयाचे राहून गेले होते. त्यामुळें दोन वाजतां जेथें पोंचावयाचें, त्या लेण्यांपाशीं आम्ही चार वाजतां पोंचलों. मुलांना घाईघाईनें वर नेलें आणि तितक्याच घाईनें खालीं आणलें. पायऱ्यांच्या तळाशीं गणती केली, तों मुलें ४१.

डिसेंबरांतला सूर्य लवकर कलतो. माझ्या सहकाऱ्यांस इतर मुलांपाशीं ठेवून मी व तेथील एक पहारेकरी पुन्हां वर चढलों. हांका मारल्या. दगडांच्या त्या पोकळ्यांत हांक घुमते, आणि ती कोणत्या दिशेनें आली हें ऐकणाऱ्यास उमगत नाहीं. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासांत, आतां याच्या आईस काय सांगावें, याखेरीज दुसरा विचार माझ्या मनास शिवला नाहीं. शेवटीं पार वरच्या अंगास, पाण्याच्या एका टाक्याशेजारील ओसरीवर तो बसलेला आढळला. रडत नव्हता, गुडघ्यांस मिठी घालून स्वस्थ बसला होता. मीं विचारलें, "अरे, आमच्या हांका ऐकूं आल्या नाहींत का?" तो म्हणाला, "आल्या, गुरुजी. पण तुम्हींच सांगितलं होतं ना, रानांत ओरडायचं नाहीं म्हणून."

श्रोतेहो, या उत्तरावर मला बोलावयास कांहीं उरलें नाहीं. मीं मुलांना नियम सांगितला होता. त्याचें कारण सांगितलें नव्हतें. आणि तो केव्हां मोडावा, हें तर मुळींच सांगितलें नव्हतें. मुलगा आज्ञाधारक होता, चूक माझी होती. आणि तिचें मूळ सकाळच्या त्या कागदांत होतें. सात गोष्टींऐवजीं दोन मांडल्या असत्या, तर घाई झाली नसती. घाई झाली नसती, तर टाकें पाहत मागें राहिलेलें मूल डोळ्यांआड झालें नसतें. त्या दिवसापासून मी सहलीची आखणी उलट्या टोंकाकडून करूं लागलों. ती रीत आपणांस सांगतों.

सामान्यतः आपण सकाळपासून आरंभ करतों: सहाला उठूं, सातला निघूं, आठला पोंचूं, आणि मग जें होईल तें होईल. त्याऐवजीं घरीं परत येण्याची वेळ आधीं लिहावी, आणि तेथून मागें मागें यावें. उदाहरण घेऊं. दादरला राहणारें एक कुटुंब आहे. दोन मुलें, आईबाप आणि आजी. दिवस डिसेंबरांतला. संध्याकाळीं साडेसहाच्या आंत घरीं पोंचावयाचें. मग बोरिवली स्थानकावर पांच वाजतां असलें पाहिजे, कारण थकलेल्या मुलांस व आजींना घेऊन पहिल्याच गाडींत चढतां येईल असें धरूं नये. उद्यानाचें फाटक स्थानकाच्या पूर्वेस आहे, व तें अंतर पायीं वीस मिनिटांचें धरलेलें बरें. म्हणून फाटकाबाहेर साडेचार वाजतां पडावयाचें. कान्हेरीहून फाटकापर्यंत येण्यास मोटार मिळाली तरी तिची वाट पाहण्यासह एक तास हाताशीं ठेवावा. त्यावर आणखी एक तास कोणत्याहि कामास न नेमलेला, अगदीं मोकळा ठेवावा. म्हणजे लेण्यांचा पायथा अडीच वाजतां सोडावयाचा. त्यापूर्वीं जेवण व विसांवा यांस दीड तास. म्हणजे लेणीं एक वाजेपर्यंत पाहून झालीं पाहिजेत. लेण्यांस अडीच तास द्यावे. म्हणजे तेथें साडेदहाला पोंचावयाचें. उद्यानाचें फाटक सकाळीं लवकर उघडतें. आठ वाजतां आंत शिरल्यास रानाच्या रस्त्यानें रमतगमत पाहत जाण्यास भरपूर वेळ मिळतो. सगळा रस्ता चालणें आजींस झेपणार नाहीं, तर निम्मे चालावे व निम्म्यांनीं मोटारीनें पुढें जावें.

आतां या हिशेबांत नौका नाहीं, बाग नाहीं, वाघ-सिंहांची मोटारहि नाहीं. त्यांना पाहिजे असल्यास लेणीं सोडावीं लागतील. मुलें अगदीं लहान असतील तर लेणीं सोडणेंच शहाणपणाचें. घरांतील सर्वांनीं आदल्या दिवशीं बसून काय सोडावयाचें हें ठरवावें. काय पाहावयाचें याची यादी कोणीहि करील. काय सोडावयाचें याची यादी करणें हीच खरी आखणी होय. आणि तो जो एक मोकळा तास ठेवला आहे, त्यास कोणी नांवें ठेवील. पण पायाला ठेंच लागली, मोटार उशिरां आली, किंवा एखाद्या झाडापाशीं मुलें रंगून गेलीं, तर तोच तास सबंध दिवस सांभाळून घेतो. १९८८ सालच्या माझ्या कागदावर तो नव्हता.

वार व ऋतु यांचाहि विचार करावयास हवा. सोमवारीं उद्यान बंद असतें. हें न ठाऊक असल्यामुळें फाटकापर्यंत येऊन परत फिरणारीं कुटुंबें मीं पाहिलीं आहेत. तिकिटांचे दर, मोटारींच्या फेऱ्या व वेळा यांत फेरफार होतात. म्हणून त्यांची चौकशी आदल्या दिवशींच करावी. कान्हेरीच्या लेण्यांचें तिकीट उद्यानाच्या तिकिटाहून वेगळें असतें, हेंहि ध्यानांत असावें. शक्य असेल तर रविवार टाळून मधला एखादा वार धरावा.

ऋतूंपैकीं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सहलीस उत्तम. हवा गार, वाटा कोरड्या, आणि हिवाळी पाहुण्या पांखरांची भर. फेब्रुवारी-मार्चांत पळस व काटेसांवर फुलतात, पण उन्हाचा ताप जाणवूं लागतो. पावसाळ्यांत रानाची शोभा अवर्णनीय असते. मात्र दगड निसरडे होतात, आणि ओढ्यांचें पाणी वर डोंगरांत पडलेल्या सरीनें पाहतां पाहतां चढतें. त्या दिवसांत लहान मुलांना घेऊन ओढ्यांत व धबधब्यांत उतरूं नये. पावसाळ्याच्या अखेरीस येथें कारवी हें झुडुप फुलतें, पण दरवर्षीं नव्हे. आठ वर्षें तें नुसतें वाढतें, मग एकाच हंगामांत सगळें रान जांभळें करून टाकतें, आणि बीं धरून मरून जातें. या रानांत २०१६ सालीं व पुन्हां २०२४ सालीं तो बहर आला. त्या हिशेबानें पुढचा बहर २०३२ सालीं यावा. आज पहिलींत असलेलें मूल तेव्हां शाळेच्या वरच्या वर्गांत पोंचलेलें असेल. त्यास आतांच सांगून ठेवावें.

आतां सामानाविषयीं. पाणी प्रत्येकाचें स्वतःचें, व तें स्वतःच्या खांद्यावर. दिवसभरासाठीं मोठ्या माणसास दोन लिटर जास्त होत नाहीं. पायांत चालून मऊ झालेले जुने बूट. नव्या बुटांची परीक्षा रानांत पाहूं नये. कपडे मातकट अगर हिरवट रंगाचे, अंगभर. डोक्यास टोपी. एक छोटी दुर्बीण कुटुंबास पुरते. शिदोरी म्हणून भाजीपोळी, गूळपोळी, दशम्या, असें कोरडें अन्न डब्यांत घ्यावें. प्लास्टिकच्या पिशव्या व वेष्टनें घरींच ठेवावीं, कारण तीं आंत नेण्यास मनाई आहे. अत्तर लावूं नये, आणि गाणीं वाजविणारें कोणतेंहि यंत्र बरोबर घेऊं नये. खिशांतल्या दूरध्वनीचा उपयोग आहे, पण डोंगराआड त्याचा संदेश पोंचेलच अशा भरंवशावर राहूं नये. म्हणून एकमेकांची चुकामूक झाल्यास कोठें भेटावयाचें, ती जागा आधींच ठरवून ठेवावी.

मुलांस नियम सांगावे, पण कारणांसह सांगावे. रानांत हळू बोलावें, कारण आपला आवाज ऐकतांच हरणें दूर जातात आणि पांखरें गप्प होतात. पण वाट चुकली, तर जेथें असाल तेथेंच उभें राहावें व मोठ्यानें हांक मारावी. त्या वेळीं ओरडणें हाच नियम. चालत राहिलेलें मूल शोधणें कठीण. उभें राहिलेलें लवकर सांपडतें. दोन दोन मुलांची जोडी लावून द्यावी, आणि प्रत्येकानें आपला जोडीदार आहे कीं नाहीं हें पाहावें. शिक्षकाच्या गणतीपेक्षां ही गणती अधिक खात्रीची, कारण ती क्षणोक्षणीं चाललेली असते.

दुसरा नियम अन्नाचा. वानरांस व माकडांस खाऊं घालूं नये. एकदां खाऊ मिळाला कीं माकड पिशवी ओळखूं लागतें. मग तें मागत नाहीं, हिसकावतें, आणि पुढच्या कुटुंबांतील एखादें मूल ओरबाडलें जातें. आपली भूतदया दुसऱ्याच्या लेंकरास महाग पडते. तसेंच उष्टेंखरकटें. आपण टाकलेल्या खरकट्यावर भटकीं कुत्रीं जमतात, आणि कुत्रें म्हणजे बिबळ्यास सोपें भक्ष्य. तें जेथें वाढतें, तेथें बिबळ्याहि येतो. झाडाखालीं टाकलेली अर्धी पोळी आणि रात्रीं वस्तीच्या कडेस आलेला बिबळ्या यांचा संबंध आपल्या ध्यानांत येत नाहीं, कारण तोंपर्यंत आपण घरीं निजलेले असतों. म्हणून जें नेलें, त्याचें जें उरलें, तें सर्व डब्यांत घालून परत आणावें.

बिबळ्याचें नांव निघालें आहे, तर त्याच्याविषयीं थोडें सांगतों. कारण पुष्कळ आया त्याच्या भीतीनेंच सहलीस नकार देतात. आपोआप छायाचित्र टिपणारीं यंत्रें झाडांस बांधून जी मोजणी झाली, तींत हें उद्यान व लगतचा आरेचा भाग मिळून चाळिसांहून अधिक बिबळे आढळले. २००४ सालीं या परिसरांत बिबळ्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसें दगावलीं, हें खरें आहे. त्यानंतर अभ्यासकांनीं कारणांचा शोध घेतला. कोठें तरी पकडलेला बिबळ्या आणून अनोळखी रानांत सोडला, म्हणजे तो बावरतो, त्याची हद्द मोडते, आणि माणसांशीं त्याची गांठ पडण्याचा संभव वाढतो, असें त्यांच्या ध्यानांत आलें. २०११ सालापासून वनखातें, अभ्यासक व नागरिक यांनीं मिळून लोकांस समजावण्याचें काम हातीं घेतलें: वस्तीजवळ कचरा सांचूं देऊं नका, अंधारांत मुलांना एकटें सोडूं नका, बिबळ्या दिसला तर त्यास घेरूं नका. त्यानंतर हल्ले पुष्कळच कमी झाले. या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या वारली लोकांची रीतहि हीच आहे. ते वाघोबास देव मानतात, त्याच्या वाटेस जात नाहींत, आणि अंधारांत निघावयाचें तर दिवा घेऊन, बोलत बोलत निघतात. सहलीस आलेल्या माणसानें एवढेंच करावें: मुख्य रस्ता सोडूं नये, मुलांस पुढें किंवा मागें एकटें सोडूं नये, आणि सूर्य मावळण्याच्या आंत फाटकाबाहेर पडावें. आडवाटांनीं जावयाचें असेल तर उद्यानाची परवानगी व माहितगार माणूस यांवांचून जाऊं नये. परतीची वेळ आधीं लिहिण्याचें दुसरें कारण हें.

आतां पाहावयाचें काय? सकाळच्या त्या पहिल्या दोन तासांत पाय थोडे व डोळे फार चालवावे. रस्त्याच्या कडेस चितळांचे कळप आढळतात. वानरें झाडांवर पालां खात असलीं तर खालीं चितळ आहेत का पाहावें. वानरांच्या हातून गळलेलीं पानें व फळें हरणांस मिळतात, आणि वरून दूरचें दिसत असल्यानें बिबळ्याची पहिली वर्दी वानरच देतें. तांबट पक्षी दिसण्यापूर्वीं त्याची ठकठक ऐकूं येते. कोतवाल पक्षी उघड्या फांदीवर बसून किड्यांवर झेप घेतो. त्यास ओळखणें मुलांसहि सोपें, कारण त्याचें शेंपूट दुभंगलेलें असतें. पावसाळ्यानंतर काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेलें एक मोठें फुलपाखरूं येथें भेटतें. त्यास नीलवंत म्हणतात, आणि २०१५ सालीं महाराष्ट्रानें तें आपलें राज्य फुलपाखरूं ठरविलें. मुलांजवळ एक वही द्यावी, आणि जें दिसेल त्याचें नांव ठाऊक नसल्यास नुसतें वर्णन लिहावयास सांगावें: रंग, चोंच, कोठें बसलें होतें, काय करीत होतें. नांव घरीं आल्यावर पुस्तकांत सांपडतें. पाहिलेलें मात्र तेथेंच लिहावें लागतें.

शेवटीं कान्हेरी. या काळ्या डोंगराचें जुनें नांव कृष्णगिरि. त्यावरूनच कान्हेरी झालें. बौद्ध भिक्षूंनीं इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून दहाव्या शतकाच्या सुमारापर्यंत येथें शंभराहून अधिक लेणीं खोदलीं. सगळीं पाहूं म्हटल्यास दिवस पुरणार नाहीं, चार पाहावीं. तिसऱ्या क्रमांकाचें मोठें चैत्यगृह व त्याच्या ओसरीच्या दोन टोंकांस असलेल्या सुमारें सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ति. अकराव्या क्रमांकाचा सभामंडप, ज्यांत दगडांत कोरलेले लांबच लांब ओटे आहेत. एकेचाळिसाव्या क्रमांकांतील अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर. आणि चौथें म्हणून वरच्या बाजूची एखादी साधी खोली, जिच्यांत मूर्ति नाहीं, केवळ निजावयाचा ओटा आहे. येथील ब्राह्मी लेखांत कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांचीं दानें कोरलेलीं आहेत. बंदरांत मिळविलेलें धन या रानांत कसें आलें, हें मुलांस नकाशावर बोट ठेवून दाखवावें.

आणि त्या खोलीच्या दाराशीं खडकांत खोदलेलें पाण्याचें टाकें अवश्य पाहावें. पावसाळ्यांत डोंगरावरून वाहणारें पाणी खडकांत कोरलेल्या पन्हळींतून या टाक्यांत उतरतें. पावसाचें पाणी अडवून उन्हाळ्याच्या दिवसांसाठीं राखावयाचें, ही युक्ति दोन हजार वर्षांपूर्वीं येथें राहणाऱ्यांस साधली होती. त्याच डोंगरांच्या खालच्या अंगास विहार व तुळशी हे तलाव आहेत. तेहि तेंच काम मोठ्या प्रमाणावर करीत आहेत. मुंबईंतल्या मुलास पाणी नळांत जन्मतें असें वाटत असतें. तें एकदां या टाक्यापाशीं बसवावें.

१९८८ सालचा तो मुलगा अशाच एका टाक्यापाशीं मागें राहिला होता. खालीं उतरतांना मीं त्यास विचारलें, "इतका वेळ तूं पाहत काय होतास?" तो म्हणाला, "गुरुजी, पावसाळा संपून इतके दिवस झाले, मग यांत पाणी आलं कुठून?" बेचाळीस मुलांत खरी सहल त्या एकाचीच झाली होती, बाकीच्यांस मीं सात ठिकाणांवरून नुसतें पळविलें. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्या दिवशीं दिलें नाहीं, कारण वेळ नव्हता. पुढें वर्गांत दिलें. पण टाक्यापाशीं उभें राहून दिलें असतें तर त्याची गोडी निराळी असती.

ही आखणी बोरिवलीसाठीं सांगितली. पण पनवेलजवळचें कर्नाळा असो, कीं आपल्या गांवाजवळचें दुसरें एखादें रान असो, रीत तीच. परतीची वेळ आधीं लिहा. दोनच गोष्टी ठेवा, बाकीच्या पुढल्या खेपेस सोडा. एक तास मोकळा ठेवा, आणि मूल जेथें थांबेल तेथें तो खर्च करा. मग घरीं आल्यावर शेजारी विचारतील, "वाघ दिसला का?" नाहीं, म्हणून सांगावें, आणि मुलाची वही त्यांच्यापुढें ठेवावी.